फवारणीचा वास आणि मेंदूतली भीती

मानसिक आघातानंतर मेंदूतल्या तीन भागांचा आपसातला मेळ बिघडतो. कानशिलाच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचा अमिग्डाला असतो. धोका हेरून अंगाला सावध करणे हे त्याचे काम. त्याच्या मागेच हिप्पोकॅम्पस असतो, तो घडलेल्या गोष्टीचे ठिकाण, वेळ आणि क्रम बांधून ठेवतो. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स या दोघांकडून आलेले तोलून पाहतो आणि धोका टळला असेल तर अमिग्डालाला आवरतो. आघातानंतर अमिग्डाला सदा जागा राहतो, हिप्पोकॅम्पसची नोंद तुटक होते आणि कपाळामागचा आवर ढिला पडतो. म्हणून जुनी घटना आठवत नाही, पुन्हा घडते आहे असे वाटते.

वाशीम जिल्ह्यात हा विषय पुस्तकी राहिलेला नाही. 2006 साली पंतप्रधान पॅकेज जाहीर झाले त्या विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत वाशीमही होता. सोयाबीन-तुरीच्या कोरडवाहू शेतीत नापिकी, पडलेला भाव आणि कर्ज यांचा ताण वर्षानुवर्षे चालतो. त्यात घरातला कर्ता माणूस आत्महत्येने गेला की ताणावर आघात बसतो. चर्चा गेलेल्याची होते. मागे राहिलेली पत्नी, म्हातारे आईवडील आणि लेकरे यांची विचारपूस तेरवी उरकली की थांबते.

ऑगस्टमध्ये फवारणी सुरू झाली की शिवारभर औषधाचा वास पसरतो. वडील विषारी औषधाने गेले असतील, तर शाळेतून घरी येणाऱ्या मुलाचे हातपाय तेवढ्या वासाने गार पडू शकतात, छाती धडधडते, पोटात ढवळते. काय झाले विचारले तर त्यालाही सांगता येत नाही. पाहिलेले आणि ऐकलेले थॅलॅमस नावाच्या टप्प्यावरून पुढे जाते. वास मात्र नाकाच्या वरच्या गंधकंदातून तो टप्पा न घेता अमिग्डालापर्यंत पोहोचतो. नीट उमजायच्या आत अंग घाबरलेले असते. रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेल्या झटका मशीनसारखेच हे आहे: तार लागली ती डुकराला की मालकाला, हे मशीनला कळत नाही. अशा मुलाला भित्रा म्हणू नये, बाहेरची बाधा म्हणून दारोदार फिरवूही नये. वासाचा आणि त्या दिवसाचा संबंध त्याला साध्या शब्दांत सांगावा आणि त्या वेळी घरातल्या कोणीतरी जवळ बसावे. ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांतला फरक मेंदूला अशा प्रसंगांतूनच हळूहळू कळतो.

दीर्घ ताणाचा मेंदूच्या रचनेवर काय परिणाम होतो, यावरचे एक महत्त्वाचे काम भारतातच झाले. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवले. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या या कामात हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडलेल्या आढळल्या, अमिग्डालातल्या मात्र वाढलेल्या. नंतर उंदरांना 21 दिवस निवांत ठेवले. हिप्पोकॅम्पस पूर्ववत होऊ लागला. अमिग्डालातली वाढ तशीच राहिली. उंदरावरून माणसाबद्दल किती बोलावे याला मर्यादा आहे. तरी संकट टळल्यावरही भीती का मागे रेंगाळते, याचे हे पटणारे उत्तर आहे. कर्ज फिटले, आता कशाची धास्ती, हा प्रश्न म्हणूनच फारसा कामाचा नसतो.

आघाताने हिप्पोकॅम्पस लहान होतो असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. 2002 सालीच अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातले सैनिक आणि युद्धावर न गेलेले त्यांचे एकसारखे जुळे भाऊ यांचे मेंदू ताडून पाहिले गेले. आघाताचा विकार जडलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, पण घरी राहिलेल्या भावांचाही तसाच निघाला. म्हणजे काहींच्या बाबतीत ही ठेवण आधीपासूनची असते आणि तिच्यामुळे आघात जास्त खोल जातो. शिवाय हा फरक पुष्कळ लोकांच्या सरासरीत दिसतो. एकट्या माणसाच्या एमआरआयवरून निदान होत नाही. आकडी, अचानक आलेला लुळेपणा, डोक्याला मार अशी लक्षणे नसतील, तर केवळ धास्ती आणि झोपमोड यांसाठी अकोल्याला किंवा नागपूरला नेऊन मेंदूचा फोटो काढणे हा फुकटचा खर्च आहे.

बहुतेक माणसे सावरतात, हे मात्र ठळकपणे सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनेक देशांतल्या पाहणीत सुमारे 70 टक्के लोकांनी आयुष्यात कधी ना कधी आघात सोसलेला होता. त्यांच्यातल्या शंभरांपैकी साधारण सहा जणांना आघातोत्तर ताणविकार झाला. पहिल्या महिन्यातली दचक, रडू, वाईट स्वप्ने हा विकार धरला जात नाही.

सावरण्याची ताकद कुठून येते, याचा एक धागा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या स्टीव्हन मायर यांच्या 2005 च्या प्रयोगात सापडतो. उंदरांच्या दोन गटांना सारखेच विजेचे झटके दिले. एका गटाला चाक फिरवून झटका थांबवता येत होता, दुसऱ्याला नाही. ज्यांच्या हाती चाक होते त्यांचा प्रीफ्रंटल भाग मेंदूच्या बुंध्यातली भेदरलेली प्रतिक्रिया दाबत होता. तोच भाग औषधाने बंद केल्यावर हाती चाक असूनही उपयोग होईना. त्रास किती झाला याच्याइतकेच, आपल्या हाती काही आहे का, हेही मेंदू मोजतो. दुखवट्याच्या घरात नेमके उलट घडते. पेरायचे काय, पैसे कुठे ठेवायचे, मुलांना कुठे शिकवायचे, सारे दीर-भासरे ठरवतात. माया असते, पण बाईच्या हातात काही उरत नाही. सातबाऱ्यावर तिचे नाव लागणे, बँकेतले खाते तिने स्वतः चालवणे ही कामे तलाठ्याची आणि बँकेची असली तरी उपचाराच्या यादीतही ती वरच असावीत.

पहिल्या दिवसांत दोन गोष्टी टाळाव्यात. पोलीस, तहसील, बँक, पुढारी, पत्रकार अशा येणाऱ्या प्रत्येकासमोर घरच्यांना तीच हकिगत सांगायला लावणे ही पहिली. पंचनाम्यापुरते एकदा सांगणे पुरे. पुढे गावातल्या एकाने बोलण्याची जबाबदारी घ्यावी. दुसरी म्हणजे मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात या प्रकारच्या गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. दारूने झोप लागते खरी, पण ती मोडकी असते आणि भीतीवरचा आवर आणखी ढिला होतो.

महिन्यानंतरही घटना डोळ्यांपुढून हटत नसेल, माणूस त्या वाटेने जाणे टाळत असेल, मूल बोलेनासे झाले असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. आघातावरच्या समुपदेशनात आठवण पुसली जात नाही. सुरक्षित ठिकाणी, टप्प्याटप्प्याने तिला सामोरे जाता जाता प्रीफ्रंटल भाग नवे शिकतो. गरजेप्रमाणे सर्ट्रालीनसारखी औषधे दिली जातात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, ती मनाने बंद करू नयेत.

मदत गावापर्यंत आली तर लोक ती घेतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 30 गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी चालवला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. राज्य सरकारने 2015 मध्ये 14 जिल्ह्यांसाठी सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात वाशीमचा समावेश झाला. आशाताईंनी घरोघरी विचारपूस करून त्रासातल्या माणसाला पुढे पाठवावे, अशी त्याची योजना. टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस मराठीत बोलता येते. मरणाची भाषा कोणी करत असेल तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी जिल्हा सामान्य रुग्णालयात न्यावे आणि फवारणीच्या औषधाचे डबे घराबाहेर, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे देऊन ठेवावेत.