वाया जाणाऱ्या कोयी

१९१५ सालचा एप्रिल महिना. पहिल्या महायुद्धाचा वणवा युरोपात पेटला होता. २२ तारखेच्या सायंकाळी बेल्जियममधील ईप्र या नगराजवळ सैनिकांच्या खंदकांकडे हिरवट-पिवळसर लोट सरकत आला. तो क्लोरीन वायू होता. हवेहून जड असल्यामुळे तो खंदकांत उतरला आणि अनेक सैनिक गुदमरून मरण पावले. तलवारीचा वार ढालीवर झेलता येतो. परंतु श्वासावाटे शिरणाऱ्या शत्रूला कोणती ढाल?

ती ढाल साध्या कोळशात सापडली. त्याच वर्षी निकोलाय झेलिन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाने कोळसा भरलेला मुखवटा तयार केला. कोळसा तीव्र आचेवर वाफेत तापविला, की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. छिद्रांच्या भिंतींना विषारी वायूचे रेणू चिकटून बसतात. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. अशा अवघ्या एक ग्रॅम कोळशातील भिंती उलगडून पसरता आल्या, तर त्यांचे क्षेत्रफळ सुमारे १,००० चौरस मीटर भरेल!

परंतु प्रयोगशाळेत मूठभर कोळसा करणे निराळे आणि लाखो सैनिकांना तो पुरविणे निराळे. मोठ्या भट्टीत सर्वत्र सारखी आच लागणे कठीण; एकीकडे कोळसा जळून जातो, तर दुसरीकडे कच्चा राहतो. मुखवट्यात बारीक पूड भरावी, तर श्वास कोंडतो. मोठे खडे भरावेत, तर वायू फटींतून निसटतो. म्हणून कठीण व एकसारखे दाणे हवेत. नारळाच्या करवंटीपासून असे दाणे उत्तम होत. पण अमेरिकेत करवंट्या पुरेनात. तेव्हा १९१८ साली पीच फळाच्या कोयी व अक्रोडाची टरफले जपून ठेवण्याचे आवाहन तेथील जनतेस करण्यात आले. मुलेही ती गोळा करू लागली. सुमारे २०० कोयींपासून एका मुखवट्यापुरता कोळसा मिळे.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. कोळशाचे कार्य मात्र थांबले नाही. आज तो घरांतील व कारखान्यांतील हवा शुद्ध करतो. छिद्रे भरून गेली, की गाळणीतील कोळसा बदलावा लागतो.

२०२५ साली सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन व ओमर याघी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. धातूचे अणू व सेंद्रिय रेणू गुंफून सच्छिद्र पदार्थ रचण्याची वाट त्यांनी दाखविली. त्यांपैकी काहींचे पृष्ठफळ कोळशाहूनही कितीतरी अधिक असते. तरीही जुना प्रश्न उरतोच : जे मूठभर साधले, ते गाडीभर कसे साधावे? १९१८ साली त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक वाटा मुलांच्या टोपल्यांत होता.