माड चढावा कसा आणि शेंड्यात पाहावं काय

आंब्याची फांदी मोडली तर बाजूने नवी फूट येते. माडाला कोंब एकच. तो गेला की झाड गेलं. हा कोंब मालकाला खालून दिसत नाही. दीड-दोन महिन्यांनी एकदा तिथवर पोचतो तो पाडेलीच. त्यामुळे दक्षिण कोकणात आणि गोव्यात नारळ काढणाऱ्या या माणसाचं काम नारळ खाली पाडण्याहून बरंच मोठं आहे. नव्याने शिकणाऱ्याने ते पहिल्या माडापासून तसंच शिकावं.

सोबत काय घ्यावं: चढण्याचं यंत्र, कमरेचा सुरक्षापट्टा, धार लावलेला कोयता आणि तो अडकवायची कमरेची आकडी, माडाच्या उंचीपेक्षा बराच लांब दोर, टोकाला वाकवलेली लोखंडी सळी. एका पिशवीत निंबोळी पेंड आणि वाळू. शहाळी उतरवायची असतील किंवा घराशेजारचा माड असेल, तर खाली दोर धरायला एक माणूस हवाच.

चढण्याआधी

माडाभोवती एक पूर्ण फेरी मारा आणि मान वर करून पाहा. शेंड्याजवळून विजेची तार जाते का? जात असेल तर वीज बंद करून घेतल्याशिवाय चढू नका. ओल्या झावळीतूनही झटका बसतो. गांधीलमाश्यांचं पोळं, हुमल्यांची (झाडावरच्या तांबड्या मुंग्यांची) घरटी शोधा. मग बुंधा बघा. त्यावर भोकं आहेत, त्यांतून तपकिरी चिकट रस वाहतोय, चघळलेल्या चोथ्यासारखे तंतू बाहेर आलेत, अशी लक्षणं असतील तर आत सोंड्या भुंग्याच्या अळ्या आहेत आणि बुंधा पोखरलेला आहे. अशा माडावर चढायचं नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी नाही. वीज पडून वाळलेल्या माडाचंही तेच. पाऊस पडून गेल्यावर बुंधा शेवाळाने निसरडा झालेला असतो. तो सुकेपर्यंत थांबा.

पूर्वी पायात काथ्याचा फास घालून चढत. कुठे बुंध्याला खाचा पाडून पायऱ्या करत. फासाने चढणाऱ्यांचं कसब मोठं आहे, पण खाचा मात्र नवीन माडाला पाडू नयेत असं मी ठामपणे म्हणेन. आंब्याच्या सालीवरची जखम हळूहळू भरून येते. माडाला तशी साल नाही. त्याच्या बुंध्यावरची खाच जन्मभर उघडी राहते, तिच्यात पाणी साठतं आणि सोंड्या भुंगा अंडी घालायला अशीच जागा शोधतो.

चढताना

यंत्राचे दोन भाग असतात, डाव्या पायाचा आणि उजव्या पायाचा. प्रत्येकाला बुंध्याभोवती घालायचा तारेच्या दोराचा वळसा, वर मूठ आणि खाली पाऊल ठेवायची जागा. एका पायावर भार दिला की त्याचा वळसा बुंध्याला आवळतो. तेवढ्यात दुसऱ्या पायावरचा भार काढून तो भाग मुठीने वर सरकवायचा. मग भार बदलायचा. पावलं आखूड ठेवा. वळसा खाली सैल घेऊ नका, कारण बुंधा वर बारीक होत जातो आणि सैल वळसा वर आणखी सैल पडतो. सुरक्षापट्ट्याचा दोर दर दोन-तीन पावलांनी वर घ्या.

कोचीच्या नारळ विकास मंडळाने 2011 साली ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ हा कार्यक्रम सुरू केला, तो अशाच यंत्रावर नवी माणसं तयार करण्यासाठी. त्यात बायकाही शिकल्या. पिढीजात चढणारे कमी होत चालले असताना ही मोठी गोष्ट झाली.

शेंड्यात

झावळ्यांखाली पोचल्यावर पट्ट्याचा दोर बुंध्याभोवती पक्का करा. झावळीला कधीच बांधू नका, धरून लोंबकळूही नका. वाळलेली झावळी ओढताच निखळते.

आधी वाळलेल्या झावळ्या, पोयींची (फुलोऱ्यांची) जुनी आवरणं आणि बेचक्यांतला केरकचरा काढा. हिरव्या झावळीला कोयता लावू नका. नारळाचा घड खालच्या झावळीवर टेकलेला असतो, ती कापली तर देठ पिचतो. शिवाय हिरवी झावळी तोडल्यावर राहणाऱ्या ओल्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. कापावीच लागली, तर बुंध्याजवळ न कापता तीन-चार फुटांचा देठ ठेवा.

मग नारळ. पोय उमलल्यापासून नारळ पुरता तयार व्हायला साधारण 12 महिने लागतात. महिन्याला साधारण एक नवी झावळी आणि तिच्या बेचक्यात पोय, या क्रमाने तयार घड सगळ्यांत खाली सापडतो. कोयत्याच्या पाठीने ठोकून बघा: कोवळा नारळ बद्द वाजतो, तयार नारळ खणखणतो. खाली मोकळं आहे याची हाक देऊन खात्री करा आणि मगच घडाचा देठ छाटा. शहाळ्याचा घड पाडायचा नाही, फुटतो. दोराने देठ बांधून, दोर वरच्या भक्कम देठावरून घेऊन, खालच्या माणसाच्या हाती सोडायचा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि घाईत हेच राहून जातं. कोंबाकडे बघा. नव्या पानांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसले, तर गेंड्या भुंगा आला आहे. कोंबाजवळ भोक आणि त्यातून निघालेला ताजा भुसा दिसला तर भुंगा अजून आतच असतो. सळी आत घालून त्याला अडकवून बाहेर काढा आणि मारा. नंतर 250 ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत भरा. मधली सुरळी पिवळी पडून हाताला सहज उपटून येत असेल आणि कुजका वास असेल, तर कोंब कुजायला लागला आहे. हे पावसाळ्यात होतं आणि इथे दिवस मोजके असतात. कुजलेला भाग निरोगी पेशींपर्यंत कापून काढा, कापलेल्या जागी 10 टक्के बोर्डो मलम लावा (100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी, धातूच्या भांड्यात करू नका) आणि पाणी शिरू नये असं झाकण बांधा. कोयता धुऊन मगच पुढच्या माडावर जा, नाहीतर रोग आपणच नेतो.

उतरल्यावर

उतरतानाही एका वेळी एकच भाग सरकवा. दमलेले पाय इथेच चुकतात. खाली आल्यावर तारेचा एखादा धागा तुटला आहे का ते बघा, आणि तुटला असेल तर दुसरा दोर बसवल्याशिवाय पुढचा माड चढू नका. मालकाला वर काय दिसलं ते माडागणिक सांगा. गेंड्या भुंगा सापडला असेल तर मालकासोबत त्याच्या शेणखताच्या खड्ड्यापाशी जा आणि खत उकरून बघा: पांढऱ्या जाड अळ्या तिथेच वाढतात, आणि त्या वेचून मारल्या की शेजारपाजारचे माडही वाचतात.