‘लुक आउट’ ऐकलं की बाहेर बघू नका

बोटीवर नोकरीला निघालेल्या कोकणातल्या पोरांना मी इंग्रजी शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं डेकवर काम केलं. बोटीवर व्याकरण चुकलं तर कुणाचं काही बिघडत नाही. ओरडून सांगितलेल्या दोन शब्दांचा अर्थ चुकला, तर मात्र हात जातो, कधी जीवही.

एकदा बंदरात बोट बांधताना विंचवरचा दोर ताणून करकरायला लागला. सारंग, म्हणजे डेकवरचा मुकादम, ओरडला, ‘लुक आउट!’ आमच्यातला नवा खलाशी, शाळेत इंग्रजीत चांगले मार्क मिळवलेला पोरगा, थेट कठड्याशी गेला आणि बाहेर वाकून बघू लागला. शब्दाला शब्द लावला तर त्याचं बरोबरच होतं. मागच्याने कॉलर धरून त्याला खेचलं, तेवढ्यात दोर तुटला आणि तो उभा होता तिथेच येऊन आदळला. ताणलेला नायलॉनचा दोर तुटला की चाबकासारखा उलटा येतो, डोळ्यांना दिसायच्या आत.

‘लुक आउट!’ आणि ‘वॉच आउट!’ या दोन्हींचा अर्थ एकच: सांभाळ, आत्ताच्या आत्ता. फरक पडतो तो पुढे ‘फॉर’ आला की. ‘वॉच आउट फॉर द वायर’ म्हणजे वायरपासून जपून राहा. ‘लुक आउट फॉर द पायलट बोट’ म्हणजे ती येतेय का, नजर ठेव. आणि कुणी ‘लुक आउट फॉर द न्यू बॉय’ म्हणालं, तर नव्या पोराला सांभाळून घे, एवढंच. तिथे धोका कसलाच नाही. ‘हेड्स अप!’ अशी आरोळी आली तर मान वर करू नका, डोकं वाचवा. तेच शब्द ईमेलमध्ये आले, तर ती नुसती आगाऊ सूचना असते.

मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटते ती ‘स्टँड बाय’ची. मराठी कानाला ते ‘बाजूला उभा राहा’ असं ऐकू येतं, आणि पोरगा दोर सोडून बाजूला होतो. खरा अर्थ नेमका उलटा: जागेवर तयार राहा. बाजूला व्हायचं असेल तर ‘स्टँड क्लिअर’ म्हणतात. हे दोन हुकूम मी वर्गात प्रत्यक्ष दोर हातात देऊन करून घेतो, कारण नुसते पाठ केलेले अर्थ गडबडीत आठवत नाहीत.

हा घोळ जगभरच्या खलाशांचा आहे. म्हणून तर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये जहाजांवरच्या बोलण्यासाठी ठरावीक वाक्यं मंजूर केली. रेडिओवर धोका सांगायचा तर आधी ‘वॉर्निंग’ म्हणायचं, मग काय ते सांगायचं.

तुमच्यावर ओरडायची वेळ आली तर नुसतं ‘लुक आउट’ म्हणू नका. कशापासून आणि कुठे सरकायचं, तेही सांगा. आरोळी तुमच्यासाठी असेल तर आधी ताणलेल्या दोरापासून लांब व्हा, अर्थ नंतर लावा. आणि हुकूम नीट ऐकू आला नाही, तर मान डोलावू नका. ‘से अगेन’ म्हणा. ‘रिपीट’ नको; ठरावीक भाषेत तो शब्द बोलणारा स्वतःचा महत्त्वाचा आकडा ठासून पुन्हा सांगताना वापरतो.