उवांचा प्रश्न आणि बिनविषारी उपाय

‘उवा’ हा कॉलेजच्या वार्षिक अंकात लिहिण्याजोगा विषय आहे काय, असे विचारून वर्गातील मैत्रिणी हसल्या. परंतु ज्या कारणासाठी खेड्यापाड्यांतून मुलींच्या डोक्याला रॉकेल चोळतात, प्रसंगी कपाशीवर फवारायचे औषधही लावतात, ते कारण हसण्यावारी नेण्यासारखे खचित नाही. विषय तसा पुरातन आहे. इस्रायलमधील लाखीश येथील उत्खननात २०१६ साली हस्तिदंताची एक लहानशी फणी मिळाली व तिच्यावरील पुसट अक्षरे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या फणीने निघाव्यात, अशी इच्छा तिच्यावर कोरलेली आहे. कनानी वर्णमालेतील हे सर्वांत जुने पूर्ण वाक्य मानतात. मग मी लिहिले तर काय बिघडले?

प्रथम ऊ म्हणजे काय ते पाहू. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोके लागले की केसावरून केसावर चालत जाते. मादी रोज सहा ते आठ अंडी घालते व ती केसाच्या मुळाशी घट्ट चिकटवते. ह्याच लिखा. सात ते दहा दिवसांत लीख फुटते आणि बाहेर आलेले पिल्लू साधारण नऊ ते बारा दिवसांत मोठे होते. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. हे आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत, कारण पुढील उपचार त्यांवरच बेतलेला आहे. आणखी एक. डोक्यातील ऊ रोग पसरवीत नाही. टायफस पसरवते ती अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ. स्वच्छ धुतलेल्या केसांतही उवा होतात. तरीही उवा झालेल्या मुलीस वर्गाबाहेर बसविणारे शिक्षक मी पाहिले आहेत.

टायफसवरून डीडीटीची आठवण होते. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतील नेपल्स शहरात दहा लाखांहून अधिक लोकांच्या अंगावर ही पूड उडवून टायफसची साथ आटोक्यात आणली गेली. या द्रव्याचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण कोरियातील युद्धाच्या काळातच अंगावरील उवा त्या पुडीला दाद देईनाशा झाल्या. लिंडेनची गोष्ट याहून वाईट. ते कातडीतून शरीरात शिरते. लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी झाल्या. कॅलिफोर्नियाने २००२ पासून त्याच्या औषधी वापरावर बंदी घातली व अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्ये त्यावर कडक इशारा छापावयास लावला. परमेथ्रिन माणसाला पुष्कळच कमी अपायकारक. शेवंतीच्या कुळातील एका फुलातील द्रव्याच्या धर्तीवर ते बनविले आहे. मात्र ते उवेच्या मज्जातंतूत ज्या ठिकाणी जाऊन बसते, ती जागाच अनेक देशांतील उवांमध्ये बदलली आहे. कुलूप बदलले, किल्ली तीच राहिली.

आता गावठी उपाय. आमच्या भागात सीताफळाच्या बियांची पूड तेलात कालवून डोक्याला लावतात. तिने उवा मरतात हे खरे. पण ती डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते आणि नेत्रवैद्यांनी अशा रुग्णांची नोंद केली आहे. आमच्या शेजारची एक लहान मुलगी न्हाताना ती पूड डोळ्यात जाऊन चार दिवस अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडली होती. ‘झाडाचंच हाय, त्यानं काय हुतंय,’ असे तिची आजी म्हणे. झाडपाल्याचे म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण आपण सोडले पाहिजे. रॉकेल तर चुलीजवळ पेट घेते. फवारणीचे औषध टाळूतून अंगात भिनते आणि उलट्या, लाळ गळणे, श्वास कोंडणे येथपर्यंत पाळी येते. दुकानातल्या बाटलीचे पत्रक असते इंग्रजीत, तेही बारीक टाईपात. आमच्या घरात ते वाचणारी मी पहिलीच. गल्लीतल्या मावश्या आता बाटली घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून हा अभ्यास करणे भाग पडले.

विषाशिवाय ऊ मारता येते काय? येते. डायमेथिकोन हे सिलिकोनचे एक तेल आहे. उवेचे खाणे रक्त आणि रक्तात पाणी फार. ते जादा पाणी ती अंगावरील बारीक छिद्रांतून वाफेच्या रूपाने टाकते. तेलाने छिद्रे बुजली की पाणी आत कोंडते व आतडे फुटून ऊ मरते, असे इंग्लंडमधील कीटकशास्त्रज्ञ इयान बर्जेस यांनी २००९ मध्ये मांडले. त्यांच्याच २००५ च्या चाचणीत या तेलाने ७० टक्के रुग्ण बरे झाले. फेनोथ्रिन या कीटकनाशकाने ७५ टक्के. फरक थोडा, पण टाळूची आग तेलाने कमी झाली. तेल लावल्यावर मात्र विस्तवापासून दूर राहावे.

अमेरिकेतील युटा येथे डेल क्लेटन यांना कोरड्या हवेत पक्ष्यांवरील उवा जगवता येईनात. त्या अडचणीतूनच गरम हवेने उवा वाळवून मारण्याचे यंत्र निघाले. गंमतीची गोष्ट आहे, पण ते यंत्र आपल्या वाडीवर कोठून येणार?

मला स्वतःला भरवसा वाटतो तो फणीचाच. ब्रिटनमधील २००५ च्या दुसऱ्या एका चाचणीत, ओल्या केसांना कंडिशनर लावून बारीक फणीने वारंवार विंचरण्याने ५७ टक्के मुले बरी झाली. एकदाच लावलेल्या कीटकनाशकाने केवळ १३ टक्के. आपल्या आया हेच करतात, परंतु सवड मिळेल तेव्हा. येथे गणित हवे. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी विंचरावे. मधल्या काळात फुटलेल्या लिखांतील पिल्ले चार दिवसांपेक्षा मोठी होऊ द्यायची नाहीत, म्हणजे नव्या लिखा पडतच नाहीत. वसतिगृहात एका खोलीतील सर्वजणींनी एकाच दिवशी आरंभ करावा, नाहीतर शेजारणीच्या डोक्यातून त्या पुन्हा येतात. फणी धातूची घ्यावी. प्रत्येक वेळी मुळापासून टोकापर्यंत ओढून ती पांढऱ्या फडक्यावर पुसून पाहावी. तेराव्या दिवशी फडके कोरे निघाल्यास थांबावे. मोठी ऊ दिसली तर पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावे.