ताकद नको, आवर हवा

मला ल्युपस आहे. या आजारासोबत राहून जे कळलं, ते नव्याने निदान झालेल्यांसाठी लिहिते आहे.

१. प्रतिकारशक्ती कमी पडली असं समजू नका. ल्युपसमध्ये तिचा आवर सुटतो. बी-पेशी आपल्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं बनवतात. ती डीएनएला चिकटून मूत्रपिंडासारख्या अवयवांत साचतात आणि तिथे दाह सुरू होतो.

२. आवर घालणाऱ्या पेशी प्रत्येकाच्या अंगात असतात. स्वतःच्या शरीरावर उलटू शकणाऱ्या पुष्कळशा टी-पेशी थायमस ग्रंथीतच बाद होतात. ज्या निसटतात त्यांना नियामक टी-पेशी रोखतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये उंदरांत हे दाखवलं. २००१ मध्ये मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना फॉक्सपी३ जनुक सापडलं. त्यात बिघाड झाला की नियामक पेशी नीट घडत नाहीत आणि लहान मुलग्यांना आयपेक्स नावाचा जीवघेणा आजार होतो. या तिघांना २०२५चं नोबेल मिळालं.

३. स्वतःला दोष देऊ नका. ल्युपसमागे असं एकच जनुक सहसा नसतं. आनुवंशिकता, संप्रेरकं, ऊन, विषाणूसंसर्ग अशी अनेक कारणं एकत्र येतात. दहातल्या जवळपास नऊ रुग्ण बायका असतात, आणि ‘काय खाल्लंस? एवढा ताण कशाला घेतलास?’ हे त्यांनाच ऐकावं लागतं. हे प्रश्न मनाला लावून घेऊ नका.

४. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. सांगणाऱ्यांची माया खरी असते, पण सल्ला आपल्या आजाराच्या उलट असतो. कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांमध्ये ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याच्या धर्तीचा यकृतदाह आढळल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. त्यावर वाद झाला. तरी आपल्यासारख्यांनी जपून राहिलेलंच बरं.

५. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडू नका. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आजार पुन्हा उसळू नये म्हणूनच असते. तिच्यासाठी डोळ्यांची ठरलेली तपासणी करत राहा. स्टेरॉइड तर एकदम कधीच थांबवू नका. बाहेरून मिळणाऱ्या औषधामुळे अधिवृक्क ग्रंथींचं स्वतःचं काम मंदावलेलं असतं, ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो. डोस डॉक्टरांनाच हळूहळू उतरवू द्या.

६. दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, असं नाही. मूत्रपिंडाचा दाह सुरुवातीला गप्प असतो. लघवीतून जाणारी प्रथिनं आधी सांगतात. लघवीची ही साधी तपासणी चुकवू नका.

७. उन्हाला हलक्यात घेऊ नका. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्यांच्यातला डीएनए बाहेर पडतो आणि प्रतिपिंडांना आयतं लक्ष्य मिळतं. छत्री, लांब बाह्या, सनस्क्रीन हासुद्धा उपचारच आहे.

८. आशा ठेवा, पण औषध चालू ठेवून. आजची बरीच औषधं चांगला-वाईट प्रतिकार सरसकट दाबतात, म्हणून संसर्गाची भीती राहते. नियामक पेशींनाच बळ देणाऱ्या उपचारांच्या चाचण्या सुरू आहेत. ते हाती येतील तेव्हा आपली मूत्रपिंडं शाबूत असायला हवीत, म्हणून आजची गोळी आजच घ्या.