भोवऱ्यातून घडलेलं होकायंत्र : कील शहरातील एका कंपनीचा इतिहास

होकायंत्राची सुई उत्तर दाखवते, हे आपण परिसर अभ्यासात शिकलो. पण हीच सुई लोखंडी जहाजात गडबडते आणि ध्रुवाजवळ तर तिचा भरवसाच उरत नाही. मग तिथे दिशा कशी कळणार?

हा प्रश्न जर्मनीच्या हर्मान अँशुट्झ-केम्फे (1872–1931) यांना पडला. ते काही इंजिनीअर नव्हते. आधी वैद्यकशास्त्र आणि मग कलेचा इतिहास शिकलेले. पण पाणबुडीतून, बर्फाखालून उत्तर ध्रुवावर जायचं, हा त्यांचा ध्यास होता. पाणबुडी पोलादाची, म्हणजे चुंबकसुई बिनकामाची!

भोवरा आठवा. फिरतोय तोवर ताठ उभा, थांबला की आडवा. सायकलचं सुटं चाक आसाला दोन्ही हातांनी धरून मित्राला जोरात फिरवायला सांगा आणि ते कलवून बघा. चाक विरोध करतं! फिरत्या वस्तूचा आस सहजासहजी दिशा सोडत नाही. याच गुणावर चालणाऱ्या उपकरणाला फ्रान्सच्या फुको यांनी 1852 मध्ये 'गायरोस्कोप' हे नाव दिलं.

अँशुट्झ यांनी विजेवर वेगाने फिरणारं चाक घेतलं आणि त्याचा भार खाली ठेवला. पृथ्वी फिरते तसा आस कलू लागतो. भार त्याला सरळ करायला बघतो, पण फिरतं चाक ढकललेल्या दिशेने न जाता आडवं वळतं. असं वळत वळत ते शेवटी खऱ्या उत्तरेकडे स्थिरावतं. चुंबक लागतच नाही.

1905 मध्ये कील या बंदराच्या शहरात 'अँशुट्झ आणि कंपनी' सुरू झाली. 1908 मध्ये 'डॉइचलँड' या युद्धनौकेवर चाचणी झाली. जहाज डोलल्यामुळे चूक व्हायची, म्हणून 1912 च्या सुमारास एकाऐवजी तीन चाकं बसवली. पुढे अमेरिकेच्या स्पेरी यांच्याशी पेटंटवरून खटला झाला. त्यात न्यायालयाचे तज्ज्ञ होते अल्बर्ट आइन्स्टाईन! त्यांनी अँशुट्झ यांच्या बाजूने मत दिलं. नंतर 1920 च्या दशकात द्रवात तरंगणाऱ्या गोलाचं नवं होकायंत्र बनवायला मदतही केली.

आता गंमत बघा. हे यंत्र पृथ्वीच्या फिरण्यावर चालतं, म्हणून नेमकं ध्रुवावर तेही उत्तर सांगू शकत नाही! अँशुट्झ पाणबुडीतून ध्रुवावर पोहोचलेच नाहीत. अमेरिकेची 'नॉटिलस' ही पाणबुडी 3 ऑगस्ट 1958 रोजी बर्फाखालून तिथे पोहोचली, तेही आणखी वेगळ्या यंत्रणेच्या मदतीने. पण आज आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 500 ग्रॉस टन आणि त्याहून मोठ्या मालवाहू जहाजांवर गायरो होकायंत्र असावं लागतं.

एकाचं स्वप्न अपुरं राहिलं, पण त्यासाठी केलेली खटपट हजारो खलाशांना घरी सुखरूप आणते.

विचार करा : ध्रुवावर उभं राहिल्यावर 'उत्तर दिशा' कोणती? पृथ्वीगोल हातात घेऊन उत्तर शोधा.