विद्यार्थ्यांची अनिद्रा : सत्त्वावजय चिकित्सेचे स्थान व मर्यादा

परीक्षांचा काळ जवळ आला की ‘स्मरणशक्तीचे औषध द्या’ अशी मागणी करणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची संख्या वाढते, हा सर्व वैद्यबंधू-भगिनींचा व औषधी विक्रेत्यांचा नित्याचा अनुभव आहे. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा यांपैकी एखादा कल्प देऊन आपण त्यांची बोळवण करतो. या मागणीच्या मुळाशी वेगळेच दुःख असू शकते, याकडे लक्ष वेधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

रुग्णवृत्त

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातील, वसतिगृहात राहणारा २० वर्षांचा एक विद्यार्थी आमच्याकडे आला. अम्लपित्त, क्षुधामांद्य, अनिद्रा व वाचलेले लक्षात न राहणे या त्याच्या तक्रारी होत्या. आम्ही अविपत्तिकर चूर्ण व रात्री दुधातून अश्वगंधा चूर्ण दिले. १५ दिवसांनी उपशय नाही म्हणून जटामांसीचा फांट व पादाभ्यंग यांची जोड दिली. तिसऱ्या वेळी त्याचा खोलीतील सोबती बरोबर आला. हा मुलगा महिनाभर वर्गात गेलेला नाही, खाणावळीत येत नाही आणि आपली पुस्तके त्याने वाटून टाकली आहेत, असे त्याच्याकडून कळले. तेव्हा कुठे आम्ही त्यास एकांतात स्पष्ट विचारले. जीव नकोसा झाल्याचे त्याने सांगितले. त्याच्या संमतीने वडिलांना बोलावून त्याच दिवशी त्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले. पुढे तो सावरला. परंतु पहिल्या दोन भेटींत आम्ही नाडी, जिव्हा, कोष्ठ सर्व पाहिले आणि मन मात्र पाहिले नाही, ही चूक आम्हांस मान्य केलीच पाहिजे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद असून राज्यवार क्रमात महाराष्ट्र अग्रस्थानी होता. त्यामुळे अशी चूक क्षुल्लक मानता येत नाही.

शास्त्रविचार

रज व तम हे मानस दोष होत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११ व्या अध्यायात दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीला सत्त्वावजय ही तिसरी चिकित्सा सांगितली आहे. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे हे तिचे स्वरूप. ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती व समाधी ही मानस दोषांच्या शमनाची साधने होत. विषाद हा रोग वाढविणाऱ्या भावांत श्रेष्ठ होय, असेही त्यांनी २५ व्या अध्यायात नमूद केले आहे. म्हणजेच रुग्णाचे ऐकून घेणे व त्यास आश्वासन देणे हा आपल्या चिकित्सेचाच भाग आहे. मात्र ‘मन घट्ट कर’ असा उपदेश म्हणजे सत्त्वावजय नव्हे. ज्याची धृती ढळली आहे, त्यास असा उपदेश अधिकच अपराधी करतो.

काय विचारावे?

सोबतच्या पालकांना क्षणभर बाहेर बसवून पुढील गोष्टी विचाराव्यात :

१. झोप व भूक केव्हापासून बिघडली? त्या सुमारास काय घडले?
२. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला आहे काय? उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ टिकली आहे काय?
३. अभ्यास, शुल्क, कर्ज, रॅगिंग, जातीवरून अवहेलना, प्रेमभंग यांपैकी कशाचा ताण आहे काय? व्यसन आहे काय?
४. जीव देण्याचे विचार येतात काय? तशी काही तयारी केली आहे काय?

शेवटचा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बहुधा रुग्णास हलके वाटते.

मर्यादा

चौथ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असल्यास, भास होत असल्यास किंवा अन्नपाणी सुटले असल्यास केवळ औषधी कल्पांवर विसंबू नये. रुग्णास एकटे न सोडता मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर वैद्यांचा मानसिक आरोग्य व्यावसायिकांत समावेश केला आहे. इतरांनी आपली सीमा ओळखावी. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी अर्हताप्राप्त समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्देशिले आहे. आपल्या परिसरातील महाविद्यालयांचे समुपदेशक कोण, याची माहिती चिकित्सालयात ठेवावी.

औषधी विक्रेत्यांसाठी

रुग्ण आधुनिक औषधे घेत आहे काय, हे विचारल्याविना मेध्य कल्प देऊ नयेत. शंखपुष्पीच्या कल्पाने अपस्मारातील फेनिटॉइनची रक्तातील मात्रा घटल्याचे आढळले आहे. झोपेच्या गोळ्यांसोबत अश्वगंधा वा जटामांसी दिल्यास गुंगी वाढू शकते. सर्पगंधेतील रिसर्पीनमुळे विषाद बळावू शकतो, म्हणून उदास विद्यार्थ्यास ‘झोपेसाठी’ सर्पगंधा देणे टाळावे. नैराश्यावरील चालू औषधे एकाएकी थांबविण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. तोच विद्यार्थी वारंवार झोपेचे औषध मागू लागल्यास त्याची आस्थेने विचारपूस करून त्यास वैद्यांकडे धाडावे.

विद्यार्थी मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास कचरतो, पण अम्लपित्तासाठी आपल्याकडे निःसंकोच येतो. अनेकदा त्याची पहिली भेट आपल्याशीच होते. त्या भेटीतील दहा मिनिटे त्याच्या मनासाठी राखून ठेवावीत, एवढीच सर्व व्यवसायबंधूंना विनंती.